दाईवर्गापासून अतिदक्षता विभागापर्यंत : भोपाळमधील उच्च परिचर्याशिक्षणाचा पूर्वेतिहास

परिचर्या हा शब्द मराठीत जुना आहे. पण परिचर्या हे विद्यापीठात शिकण्याचे शास्त्र आहे आणि त्यात पदवी, पदव्युत्तर पदवी व संशोधन अशा पायऱ्या असू शकतात, ही कल्पना भारतात पाऊणशे वर्षांहून फार जुनी नाही. या शिक्षणाच्या वरच्या पायरीवर आज ‘प्रगत परिचर्या’ नावाची शाखा उभी राहिली आहे. नोंदणीकृत परिचारिकेने पदव्युत्तर पातळीचे शिक्षण घ्यावे, रुग्णाला स्वतः तपासावे, तपासणीत जे आढळेल त्यावरून निर्णय घ्यावा, ठरवून दिलेल्या मर्यादेत औषधोपचारही सुरू करावेत आणि त्या निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या सहीने स्वीकारावी, असा या शाखेचा थोडक्यात अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २००२ मध्ये तिची व्याख्या करताना तज्ज्ञाचे ज्ञान, गुंतागुंतीचे निर्णय घेण्याचे कौशल्य आणि विस्तारलेल्या कामाला लागणारी रुग्णसेवेतील क्षमता या तिन्ही गोष्टी आवश्यक मानल्या आणि त्यांसाठी पदव्युत्तर पदवी असावी अशी शिफारस केली. केवळ अभ्यासक्रमांच्या तारखा पाहिल्या, तर भोपाळचा या शाखेशी संबंध अगदी अलीकडचा ठरेल. परंतु परिचारिकेच्या हाती निर्णय येण्याची निकड या शहराने किमान दोनदा अनुभवली, एकदा पडद्यामुळे आणि एकदा विषारी वायूमुळे. आणि दोन्ही वेळा काम आधी अंगावर आले, त्याला लागणारे शिक्षण मागाहून आले आणि त्या शिक्षणाला साजेसा अधिकार त्याच्याही मागे राहिला. आजच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतले नवेपण कशात आहे आणि उणीव कोठे आहे, हे या क्रमाकडे लक्ष दिल्यावरच नीट कळते.

भोपाळ संस्थानाचा कारभार १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधला थोडा खंड वगळता, कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान या चार बेगमांनी पाहिला. स्त्रीच्या हाती सत्ता आणि समाजात कडक पडदा अशी ही स्थिती असल्यामुळे स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न येथे दरबारापर्यंत पोचणे स्वाभाविक होते. पडद्यातल्या स्त्रीला पुरुष डॉक्टरने किंवा हकिमाने हात लावून तपासणे शक्य नसे. नाडी पाहण्यापुरता हात बाहेर येई, बाकीचे वर्णन आतल्या बायका सांगत, आणि त्यातही बाळंतपणाच्या वेळी दाईने, म्हणजे आपल्याकडच्या सुइणीने, जे पाहिले व जे सांगितले तेच निदान होई. दाईचे ज्ञान वंशपरंपरेने हातात उतरलेले असे, तिला अक्षरओळख नसे, समाजात तिचे स्थान खालचे असे. तरीही बाळ आडवे आहे की नाही, रक्तस्राव किती झाला, आता वाट पाहायची की धावपळ करायची, हे ठरवणारे डोळे आणि बोटे तिचीच होती. म्हणजे तपासणी आणि निर्णय ही दोन्ही कामे त्या काळी प्रशिक्षण नसलेल्या बाईकडे होती, आणि प्रशिक्षण असलेला पुरुष पडद्याच्या बाहेर उभा होता.

ही विसंगती दूर करण्याचे देशपातळीवरचे प्रयत्न १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरिन निधीपासून संघटित झाले. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणे, स्त्रियांसाठी स्त्रियांच्या देखरेखीखाली रुग्णालये काढणे आणि प्रशिक्षित परिचारिका व सुइणी पुरवणे अशी या निधीची तीन उद्दिष्टे होती. भोपाळमध्ये शाहजहान बेगमांच्या कारकिर्दीत, १८९० च्या दशकाच्या आरंभी, लेडी लॅन्सडाउन रुग्णालय स्त्रियांसाठी उघडले गेले आणि त्याच्या आश्रयाने दायांना शिकवण्यास सुरुवात झाली. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी जो व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभा राहिला, त्याचा हेतूही देशभरातील पारंपरिक दायांना स्वच्छतेचे आणि सुरक्षित प्रसूतीचे शिक्षण देणे हाच होता. या सर्व उपक्रमांत दाईला तोंडी शिकवावे लागे. तिला हात धुण्याचे महत्त्व पटवता येई, नाळ कापण्याचे साधन उकळायला शिकवता येई. पण तिच्याकडून लेखी नोंद ठेवण्याची अपेक्षा करता येत नसे, आणि रुग्णालयाचे काम तर नोंदीवर चालते.

परिचारिका आणि दाई यांच्यातले अंतर येथेच पडते. परिचारिकेला तापमापक वाचून दर चार तासांनी तापाच्या तक्त्यावर ठिपका द्यावा लागतो आणि मागच्या ठिपक्याला तो रेघेने जोडावा लागतो. तीन दिवसांची ती रेघ पाहून डॉक्टरला हिवताप आणि विषमज्वर यांतला फरक ओळखू येतो. रुग्णाच्या कागदावर परिचारिकेने स्वतःच्या हाताने लिहिलेला पहिला मजकूर म्हणजे हा तक्ता होय. तो साधा दिसतो. पण तक्ता लिहिण्यासाठी मुलीला आधी शाळेत जावे लागे आणि रात्री घराबाहेर राहावे लागे, आणि त्या काळात या दोन्ही अटी पुष्कळ घरांना मान्य नव्हत्या.

सुलतान जहान बेगम १९०१ मध्ये गादीवर आल्या. स्वतः पडदा पाळणाऱ्या या राज्यकर्त्या स्त्रीशिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या आणि पुढे १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. आरोग्यरक्षण आणि बालसंगोपन या विषयांवर त्यांनी उर्दूत पुस्तके लिहिली. १९०९ मध्ये त्यांनी भोपाळात स्त्रियांसाठी प्रिन्सेस ऑफ वेल्स क्लब स्थापन केला, आणि त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने लेडी मिंटो परिचर्याशाळा सुरू झाली. परिचारिका ही युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्तीच असायची, असे समीकरण रूढ असताना एका मुसलमान संस्थानात, राजघराण्याच्या आश्रयाखाली, स्थानिक स्त्रियांसाठी अशी शाळा निघणे हे त्या काळाच्या मानाने धाडसाचे होते. शाळेला राणीचे बळ मिळाले, म्हणजे ‘भल्या घरच्या मुलींनी हे काम करू नये’ या आक्षेपाची धार निम्मी होते, हे बेगमसाहेबांनी ओळखले असावे.

मराठी वाचकाला १९०९ हे साल ओळखीचे वाटेल, कारण त्याच वर्षी २ ऑक्टोबरला रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुणे सेवासदनाचे काम सुरू झाले. सेवासदनाने थोड्याच काळात आपल्या विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी पाठवायला आरंभ केला, त्यांच्यासाठी वसतिगृह काढले आणि ब्राह्मण विधवांनी परक्या पुरुषांची सेवा करावी काय, हा पुण्यातला वाद अंगावर घेतला. नागपुरात कमलाबाई होस्पेट या बालविधवेने डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि वेणूताई नेने यांच्या साहाय्याने १९२१ मध्ये मातृसेवा संघाची स्थापना केली. दोन परिचारिकांनी स्वतः उभे केलेले हे प्रसूतिगृह होते. भोपाळमध्ये दरबाराने केले ते पुण्यात समाजसुधारकांनी केले आणि नागपुरात खुद्द परिचारिकांनी केले. या तिन्हींत नागपूरचे उदाहरण प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचे वाटते, कारण तेथे काम कोणी द्यायचे आणि निर्णय कोणी घ्यायचा हे दोन्ही प्रश्न परिचारिकांच्याच हाती होते. प्रगत परिचर्येच्या परिभाषेत ज्याला स्वायत्तता म्हणतात, ती त्या प्रसूतिगृहात ते नाव न घेता नांदत होती.

शिक्षणानंतरची पायरी नोंदणीची. शिकलेल्या परिचारिकेचे नाव सरकारमान्य परिषदेच्या पटावर चढणे आणि त्या पटाबाहेरच्या कोणीही ते बिरुद न लावणे, असा नोंदणीचा अर्थ आहे. मद्रासमध्ये १९२६ मध्ये, मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये आणि मध्य प्रांतात १९३६ मध्ये असे कायदे झाले. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, उरलेला महाकोशल नव्या मध्य प्रदेशाला मिळाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ त्याची राजधानी झाली. त्यामुळे नागपूरच्या छायेत घडलेला परिचर्येचा कायदेशीर वारसा भोपाळकडे आला, आणि तेथील नोंदणी परिषदेच्या नावात ‘महाकोशल’ हा शब्द दीर्घकाळ टिकून राहिला. पुढे १९७२ मध्ये मध्य प्रदेशाने परिचारिका, प्रसाविका, साहाय्यक परिचारिका-प्रसाविका आणि आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र अधिनियम केला. या सर्व कायद्यांतली एक मर्यादा ध्यानात घेण्यासारखी आहे. परिचारिका पात्र आहे की नाही एवढेच नोंदणीचा पट सांगतो. तीन वर्षांची पदविका घेतलेली आणि सहा वर्षे विद्यापीठात शिकलेली, या दोघींत रुग्णाच्या खाटेजवळ काय फरक असावा, याबद्दल तो काही बोलत नाही.

विद्यापीठीय शिक्षणाची मागणी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जोर धरू लागली. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम सात हजार परिचारिका, म्हणजे सुमारे ४३ हजार लोकांमागे एक, असे चित्र मांडले आणि परिचर्येची महाविद्यालये काढण्याची शिफारस केली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. दिल्लीच्या महाविद्यालयाला, ज्याला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचे नाव मिळाले, देशातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ मध्ये सुरू करण्याचा मान आहे. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले, आणि महर्षी कर्व्यांनी स्त्रियांसाठी लावलेल्या रोपट्याची एक फांदी रुग्णालयापर्यंत पोचली. भोपाळमध्ये १९५५ साली गांधी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि हमीदिया व सुलतानिया ही जुनी रुग्णालये त्याच्याशी जोडली गेली; तरी परिचारिका घडवण्याचे मुख्य साधन देशातील बहुतेक शहरांप्रमाणे येथेही पदविकाच राहिली, आणि वरच्या शिक्षणासाठी मुलींना इतर शहरांची वाट धरावी लागली.

याच सुमारास अमेरिकेत निराळी वाट फुटत होती. १९५४ मध्ये हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी रटगर्स विद्यापीठात मनोरुग्ण परिचर्येतील तज्ज्ञ घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा प्रयोग सुरू केला, कारण खेड्यापाड्यांतील गरीब मुलांना डॉक्टर मिळत नव्हते आणि परिचारिका मात्र त्यांच्या दारी जात होत्या. या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘स्वतंत्रपणे रुग्ण पाहणारी प्रगत परिचारिका’ असा त्याचा आशय सांगता येईल. या प्रयोगाचे मर्म असे की वरचे शिक्षण घेतलेली परिचारिका रुग्णापासून दूर न जाता त्याच्या अधिक जवळ आली.

भारतातील पदव्युत्तर शिक्षणाने नेमकी उलट दिशा घेतली. एम.एस्सी. परिचर्येच्या दोन वर्षांत विद्यार्थिनी वैद्यकीय-शस्त्रक्रिया परिचर्या, बालपरिचर्या, प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या, सामुदायिक आरोग्य किंवा मानसिक आरोग्य यांपैकी एक शाखा निवडते, प्रबंध लिहिते आणि उत्तीर्ण झाल्यावर तिच्यापुढे बहुधा पाठ्यनिर्देशिका, व्याख्याती, प्राध्यापिका, प्राचार्या ही शिडी असते. देशभर महाविद्यालये वाढत होती, त्यांना शिक्षक हवे होते, आणि वॉर्डात मात्र तज्ज्ञ परिचारिकेसाठी वेगळे पद, वेगळे वेतन किंवा वेगळा अधिकार नव्हता; तेव्हा बालपरिचर्येत सर्वांत जास्त शिकलेली बाई बालरुग्णांच्या वॉर्डात न दिसता वर्गातल्या फळ्याजवळ दिसू लागली. यात त्या परिचारिकांचा दोष नाही. शिकवणे हे मोठे काम आहे आणि त्यांनी ते निष्ठेने केले. परंतु ज्या व्यवस्थेत ज्ञानाचे बक्षीस म्हणून रुग्णाची खाट सुटते, त्या व्यवस्थेने आपल्या रुग्णांचे फार मोठे नुकसान केले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि जुन्या भोपाळच्या वस्त्यांवर पसरला. काही तासांत हमीदिया रुग्णालयाकडे हजारोंचा लोंढा लागला. डोळे उघडता न येणारे, फेसाळ थुंकी टाकणारे, श्वासासाठी तडफडणारे लोक आवारात, जिन्यांवर, ओसरीत पडले होते. विषाचे नेमके स्वरूप आणि त्यावरचा उतारा यांविषयी रुग्णालयाला खात्रीची माहिती मिळत नव्हती. हाताशी होते ते देण्यात आले : डोळे धुणे, डोळ्यांत थेंब, प्राणवायू, लक्षणांपुरती औषधे. अशा प्रसंगी कोणाला आधी प्राणवायू लावायचा आणि कोणाला थांबवायचे, हा निर्णय प्रत्येक वेळी डॉक्टरपर्यंत नेता येत नाही; तो जो त्या क्षणी रुग्णाजवळ उभा आहे त्यालाच घ्यावा लागतो. रुग्णांची गंभीरतेनुसार विभागणी करण्याची ही पद्धत आपत्कालीन परिचर्येत आज शास्त्र म्हणून शिकवली जाते. भोपाळमध्ये ती त्या रात्री शास्त्राविना करावी लागली.

त्या रात्रीच्या मृत्यूंकडे जगाचे लक्ष गेले, परंतु परिचर्येच्या इतिहासाच्या दृष्टीने नंतरची चाळीस वर्षे अधिक बोलकी आहेत. पाच लाखांहून अधिक लोक बाधित म्हणून नोंदले गेले. त्यांतील पुष्कळांच्या फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या. चार पावले चालले की धाप लागणे, हिवाळा आला की खोकला बळावणे, हे त्यांचे रोजचे जिणे झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशातून बाधितांसाठी मोठे रुग्णालय उभारण्याचे ठरले आणि २००० मध्ये भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर सुरू झाले. राज्य शासनाच्या गॅस राहत विभागाची रुग्णालये आणि दवाखाने वस्त्यांमध्ये चालत राहिले. संभावना न्यासाने १९९६ पासून आपले मोफत चिकित्सालय चालवले. दीर्घकालीन आजारात दर महिन्याला नवे निदान करायचे नसते. श्वासमार्गातून घेण्याचे औषध रुग्ण नीट ओढतो की तोंडातच सोडतो, वजन घटले का, पायांवर सूज आहे का, औषध परवडत नाही म्हणून मधेच सोडले का, घरात चुलीचा धूर किती आहे, हे वर्षानुवर्षे पाहत राहायचे असते. जगात जेथे प्रगत परिचर्या रुजली, तेथे तिने सर्वांत चांगले काम याच प्रकारच्या रुग्णांसाठी केले. भोपाळला अशा परिचारिकांची गरज १९८५ सालीच होती. त्यांना घडवणारा अभ्यासक्रम मात्र देशात तीन दशके उगवला नाही.

तो उगवला २०१६-१७ च्या सुमारास. भारतीय परिचर्या परिषदेने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. निवासी याचा अर्थ वसतिगृहात राहणे एवढाच नाही. वैद्यकातील निवासी डॉक्टरप्रमाणे विद्यार्थिनीने रुग्णालयातच काम करत शिकावे, असा तो आहे. शिक्षणाचा सुमारे २० टक्के भाग तात्त्विक आणि ८० टक्के भाग प्रत्यक्ष रुग्णसेवेचा, ही वाटणीच जुन्या एम.एस्सी.हून वेगळी वाट दाखवते. पहिल्या वर्षी प्रगत परिचर्येची सैद्धांतिक बैठक, संशोधन व पुराव्यावर आधारित सेवा आणि नेतृत्व यांबरोबर तीन कठीण विषय येतात : प्रगत विकृतिशरीरक्रियाशास्त्र, म्हणजे आजारात शरीराच्या क्रिया कशा बिघडतात त्याचे शास्त्र, प्रगत औषधशास्त्र, आणि प्रगत शारीरिक तपासणी. दुसरे वर्ष जवळजवळ पूर्णपणे अतिदक्षता विभागाचे असते. विद्यार्थिनीच्या हाती नोंदवही असते, ज्यात प्रत्येक कौशल्य तिने किती वेळा पाहिले, किती वेळा देखरेखीखाली केले आणि कधी एकटीने केले, हे मार्गदर्शकाच्या सहीनिशी भरावे लागते.

या शिक्षणाने काय साधते, हे एका प्रसंगाच्या आधाराने पाहता येईल. फुप्फुसाचा जुना विकार असलेला रुग्ण रात्री अतिदक्षता विभागात गुंगीत जाऊ लागतो. मॉनिटरवर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८९ टक्के दिसते. नवख्या हाताची ओढ प्राणवायू वाढवण्याकडे असते. पण अशा रुग्णाच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचण्याची सवय झालेली असते आणि प्राणवायूचा मारा केल्यास तो आणखी साचून गुंगी वाढते. त्याच्यासाठी ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य योग्य मानतात. म्हणून प्रशिक्षित परिचारिका आधी श्वासाची गती मोजते, छातीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का ते ऐकते, आणि मग मनगटातल्या धमनीतून रक्त घेण्याची तयारी करते. सुई टोचण्यापूर्वी ती रुग्णाची मूठ मिटवून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबते, मूठ उघडून करंगळीकडच्या धमनीवरचा दाब सोडते आणि पांढरा पडलेला तळहात काही सेकंदांत पुन्हा लाल होतो का ते पाहते. तो झाला तरच अंगठ्याकडच्या धमनीत सुई घालणे सुरक्षित असते. अहवालात रक्ताची आम्लता, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि बायकार्बोनेट यांचे आकडे येतात. ते एकत्र वाचून हा त्रास जुना आहे की आज बळावला, हे ती ठरवते, आणि रुग्णालयाने आधीच मंजूर केलेल्या लेखी नियमावलीनुसार, ज्याला स्थायी आदेश म्हणतात, पुढचे पाऊल उचलून डॉक्टरला कळवते. तापाच्या तक्त्यावर ठिपका देणारा हात आता त्या ठिपक्याचा अर्थ लावतो आणि त्यावर कृती करतो. शतकभराच्या शिक्षणाने मिळवलेले हे अंतर आहे.

भोपाळ येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिल्यावर, २०१२ मध्ये तेथे वैद्यकीय आणि २०१३ मध्ये परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाल्यावर, या शहराला उच्च परिचर्याशिक्षणासाठी आवश्यक असलेली रुग्णालयाची भूमी प्रथमच एका ठिकाणी मिळाली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये ‘स्टाफ नर्स’ हे पदनाम बदलून ‘नर्सिंग ऑफिसर’ केले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनर आणि सार्वजनिक आरोग्य परिचारिका यांचे संवर्ग निर्माण करण्याचा स्पष्ट उल्लेख आला. २०१८ मध्ये केंद्राने प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि १८ महिन्यांच्या प्रशिक्षणातून सामान्य प्रसूती स्वतंत्रपणे हाताळणाऱ्या परिचारिका घडवण्याचे ठरवले. लेडी लॅन्सडाउन रुग्णालयातल्या दाईवर्गाचा धागा सव्वाशे वर्षांनी येथे पुन्हा हाती येतो. त्याच वर्षापासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर नेमलेल्या सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांमध्ये बहुसंख्य परिचर्येचे पदवीधर आहेत. त्यांना सहा महिन्यांच्या पूरक अभ्यासक्रमानंतर ठरावीक औषधे देण्याची मुभा मिळाली, आणि मध्य प्रदेशातल्या खेड्यांत रक्तदाब व मधुमेहाचे रुग्ण आज त्यांच्याकडेच जातात. हे स्वागतार्ह आहे. मात्र दोन वर्षे निवासी शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला शहरातल्या रुग्णालयात जो वाव स्थायी आदेशांच्या आधाराने जपून मिळतो, तो सहा महिन्यांच्या शिक्षणानंतर खेड्यात सहज मिळतो, हे विसंगत आहे. जेथे डॉक्टर नाही तेथे परिचारिकेवर विश्वास ठेवायचा आणि जेथे डॉक्टर आहे तेथे तो काढून घ्यायचा, हा पडद्याच्या काळापासूनचा जुनाच न्याय आहे.

याच काळात राज्याच्या परिचर्याशिक्षणावर मोठे संकट आले. खासगी महाविद्यालये झपाट्याने वाढली होती, त्यांतील अनेकांकडे रुग्णालय, शिक्षक आणि इमारतही नसल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने महाविद्यालयांची तपासणी केली. २०२४ मध्ये तर तपासणी पथकातल्याच काही जणांना लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली. परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या. पदवी चार वर्षांत हाती येईल म्हणून घरून निघालेल्या मुली निकालाची वाट पाहत बसल्या. पदव्युत्तर शिक्षणाची इमारत या पदवीच्या पायावर उभी राहते. ज्या विद्यार्थिनीने पहिल्या चार वर्षांत खरा रुग्ण पुरेसा पाहिला नाही, तिला प्रगत शारीरिक तपासणी कोणत्या आधाराने शिकवायची, हा प्रश्न अध्यापिकांना रोज पडतो. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला, त्यामागे शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन आणि मान्यता कडक करण्याचा हेतू आहे.

रुग्णालयातल्या केसपेपरमध्ये आजही दोन प्रकारची पाने असतात. एका पानावर डॉक्टर आदेश लिहितो : औषधाचे नाव, मात्रा, किती वेळा. दुसऱ्या पानावर परिचारिका तो आदेश पाळल्याची वेळ आणि सही लिहिते. नर्स प्रॅक्टिशनर म्हणून शिकणारी विद्यार्थिनी आपल्या नोंदवहीत तपासणी, निष्कर्ष आणि उपचाराचा आराखडा रोज लिहिते, मार्गदर्शक त्यावर सही करतात आणि परीक्षक त्याला गुण देतात. दोन वर्षांनी ती नोंदवही महाविद्यालयात जमा होते, ती परिचारिका नव्या ड्युटीवर वॉर्डात येते, केसपेपर उघडते आणि तिची सही पुन्हा दुसऱ्या पानावर पडते.